डबीची मागची बाजू

(तृतीय वर्ष, कला)

वार्षिकाच्या पानांवर कला शाखेच्या विद्यार्थिनीने कविता लिहावी, प्रवासवर्णन लिहावे, फार तर 'आजचा तरुण आणि ध्येयवाद' या विषयावर चार पाने भरावीत, अशी एक समजूत आहे. औषधे आणि रसायने हा शास्त्र शाखेचा प्रांत. ही हद्द मी ओलांडते आहे, याचे कारण इतकेच की, ज्या वस्तूविषयी मला लिहायचे आहे ती वस्तू रसायनापेक्षा शब्दांवर अधिक विकली जाते. 'चरबी जाळणारे', 'शंभर टक्के नैसर्गिक', 'शास्त्रीय प्रयोगांनी सिद्ध झालेले' हे ते शब्द. आणि शब्द तपासणे हे तर आमचेच काम! तीन वर्षे आम्हाला उताऱ्याचा अर्थ नीट लावायला शिकवले गेले. तेव्हा वजन कमी करणाऱ्या गोळ्यांच्या डबीवरचा उताराही एकदा लावून पाहण्यास हरकत नसावी.

या डब्या आता नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. मुलींच्या वसतिगृहात त्या कपाटात कपड्यांच्या मागे असतात, मुलांच्या जिममध्ये त्या उघड्या फळीवर असतात, एवढाच फरक. कोणाची पोलीस भरती जवळ आलेली असते, कोणाला दिवाळीनंतर 'बघायला' येणार असतात, तर कोणाला स्नेहसंमेलनातील फोटोत आपला दंड जाड दिसला एवढेच निमित्त पुरते. एका डबीची किंमत कित्येकदा महिन्याच्या खाणावळीच्या बिलाच्या जवळ जाते. हा पैसा घरून आलेला असतो, आणि तो कशासाठी खर्च झाला हे घरी सांगितलेले नसते.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे : या डब्यांतील जे घटक निरुपद्रवी आहेत ते बहुतेक निरुपयोगी आहेत, जे खरोखरच जोराने काही करतात ते शरीराला धोक्यात घालून करतात, आणि या दोहोंच्या मधली जी चिमूटभर जागा उरते ती दोन कप चहा-कॉफीने भरून निघते.

प्रथम 'जाळणे' हा शब्द पाहू. शब्द मोठा आकर्षक आहे. आपल्याकडे जठराग्नीची कल्पना जुनी आहे. त्यामुळे पोटात एक शेगडी आहे, तीत गोळी टाकली की चरबी लोण्यासारखी वितळते, असे चित्र मनात सहज उभे राहते. प्रत्यक्षात घडते ते वेगळेच. शरीराला ऊर्जेची गरज पडली आणि ती अन्नातून पुरी झाली नाही, तर साठवलेली चरबी पेशींमध्ये प्राणवायूशी संयोग पावते, आणि तिचे कार्बन डायऑक्साइड व पाणी होते. २०१४ च्या डिसेंबरात 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये याचा एक सुंदर हिशेब प्रसिद्ध झाला. दहा किलो चरबी गेली, तर त्यांपैकी ८.४ किलो श्वासावाटे वायुरूपाने जाते आणि उरलेली १.६ किलो पाणी होऊन जाते. म्हणजे चरबी ना घामातून 'वितळून' जाते, ना शौचावाटे. ती नाकातोंडाने हवेत जाते! आणि एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी साठवलेल्या असतात. एका वडापावात साधारण तीनशे कॅलरी धरल्या तर पंचवीस वडापाव. एवढा साठा एखादी गोळी गुपचूप उडवून लावील, तर शरीरात ती केवढी उलथापालथ करीत असली पाहिजे, याचा विचार गोळी घेणाऱ्याने आधी करावा.

आता डबी फिरवून मागची बारीक अक्षरे वाचू. तेथे पुष्कळदा 'गार्सिनिया' हे नाव दिसते. नाव परदेशी वाटते, पण ही मंडळी आपल्या ओळखीची आहेत. आपले कोकणातले आणि गोव्यातले कोकम म्हणजे गार्सिनिया इंडिका. डबीत येते ती त्याची केरळातील बहीण, मलबार चिंच; तिकडे ती माशांच्या कालवणात घालतात. या फळांतील आंबट द्रव्य नेमके कोणते, हे १९६५ साली म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील लुइस आणि नीलकंठन या दोन संशोधकांनी दाखवून दिले. त्याचे नाव हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल. पुढे १९६९ मध्ये अमेरिकेत असे आढळले की, पिष्टमय अन्नापासून चरबी बनवताना जे एक विकर लागते त्याला हे आम्ल अडवते. झाले! एवढ्या आधारावर पुढे सारा बाजार उभा राहिला. पण येथे दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. एक तर हे आम्ल फार तर नवी चरबी बनण्यास अडथळा करील. असलेली 'जाळण्याचा' प्रश्नच नाही. दुसरे म्हणजे, नेहमीचे मिश्र जेवण जेवणाऱ्या माणसाच्या अंगावरची बरीचशी चरबी ही खाल्लेल्या तेलातुपातूनच साठते. पिठासाखरेची चरबी बनवण्याचा तो कारखाना माणसात मुळात मंद चालतो. उंदरात तो जोरात चालतो, म्हणून उंदरावरचे निकाल जाहिरातीला बरे दिसतात.

मग माणसांवर पाहिले तेव्हा काय झाले? १९९८ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. १३५ स्थूल स्त्री-पुरुषांचे दोन गट केले. एका गटास बारा आठवडे रोज दीड ग्रॅम हे आम्ल दिले, दुसऱ्या गटास तशीच दिसणारी पोकळ गोळी. दोन्ही गटांना कमी कॅलरींचा आहार दिला. शेवटी आम्ल घेणाऱ्यांचे वजन सरासरी ३.२ किलोंनी घटले आणि पोकळ गोळी घेणाऱ्यांचे ४.१ किलोंनी! संख्याशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही गट सारखेच ठरले. "अगं, पण माझी मावसबहीण खरंच बारीक झाली," असे जे आपण ऐकतो त्याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. डबीवर खालच्या बाजूस 'योग्य आहार व व्यायामासोबत घ्यावे' असे छापलेले असते. काम करतो आहार, आणि हार गोळीच्या गळ्यात पडतो.

कोकमाची सोलकढी मला प्रिय आहे आणि ती प्रत्येकाने जरूर प्यावी. पण ती चवीसाठी. ज्या फळाच्या बियांतून घट्ट चरबी काढून कोकणातील बायका भेगाळलेल्या टाचांना लावतात, त्याच फळाच्या कुळाला चरबीचा काळ म्हणून जगभर मिरवावे, यात थोडा विनोदही आहे.

'शास्त्रीय प्रयोगांनी सिद्ध' या शब्दांची कथा तर याहून बोधप्रद आहे. न भाजलेल्या, म्हणजे हिरव्या कॉफीच्या बियांच्या अर्काने वजन झपाट्याने उतरते, असा एक निबंध २०१२ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील एका लोकप्रिय दूरदर्शन डॉक्टरने त्याचा गाजावाजा केला आणि दुकानांतून माल उडू लागला. तो प्रयोग झाला होता आपल्या बंगळुरात, आणि अवघ्या सोळा माणसांवर. २०१४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने सांगितले की, प्रयोग करणाऱ्याने माणसांची वजने एकदा नव्हे, अनेकदा बदलली होती, आणि कोणाला खरी गोळी होती व कोणाला पोकळ याचाही घोळ होता. अर्क विकणाऱ्या कंपनीला पस्तीस लाख डॉलर द्यावे लागले आणि निबंध त्याच वर्षी मागे घेण्यात आला. पण हिरव्या कॉफीची पाकिटे काही मागे गेली नाहीत. ती आजही विकली जातात. निबंध मागे घेतल्याची बातमी डबीवर कोण छापणार?

एल-कार्निटिन हे तिसरे वजनदार नाव. पेशीच्या भट्टीपर्यंत चरबीचे अंश वाहून नेणारा हा हमाल आहे, हे खरे. पण निरोगी माणसाचे यकृत आणि मूत्रपिंडे त्याला लागेल तेवढा हमाल स्वतःच तयार करतात. एसटीच्या स्थानकावर हमाल वाढवले म्हणून गाड्या वाढत नाहीत.

मधल्या जागेत येतात कॅफिन आणि हिरव्या चहाचा अर्क. यांचा परिणाम होतो, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. १९९९ मध्ये जिनिव्हात दहा निरोगी पुरुषांना कॅफिनसह हिरव्या चहाचा अर्क दिला, तेव्हा त्यांचा दिवसभराचा ऊर्जाखर्च सुमारे चार टक्क्यांनी वाढला. रोजच्या दोन हजार कॅलरींवर चार टक्के म्हणजे ऐंशी कॅलरी. अर्थात तीन-चार ग्लुकोज बिस्किटे. या हिशेबाने, बाकी काहीही न बदलता, एक किलो चरबी जायला तीन महिन्यांहून अधिक काळ लागेल. आणि तोपर्यंत शरीराला कॅफिनची सवय होऊन तेवढाही परिणाम टिकेल याची खात्री नाही. याउलट धोका मात्र प्रमाणाबरोबर वाढतो. निरोगी प्रौढाने दिवसाला ४०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक कॅफिन घेऊ नये, असे युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ साली सांगितले. आणि हिरव्या चहातील मुख्य द्रव्य गोळीच्या रूपाने रोज ८०० मिलिग्रॅम वा अधिक घेतल्यास यकृताला इजा झाल्याची लक्षणे रक्तात दिसतात, असे तिनेच २०१८ मध्ये नोंदवले. चहा प्यायल्याने हे होत नाही. चहाचा अर्क काढून मुठीत कोंबल्याने होते. 'नैसर्गिक' या शब्दाने हा भेद पुसला जातो.

गेल्या वर्षी परीक्षेच्या सुमारास आमच्या मजल्यावरील एका मुलीची झोप उडाली. हात थरथरत, छातीत धडधड होई. सगळ्यांनी अभ्यासाला दोष दिला. डॉक्टरांनी "आणखी काही गोळ्या चालू आहेत का?" असे विचारले, तेव्हा ती डबी कपाटातून बाहेर आली. मागे कॅफिन, कडू संत्र्याचा अर्क, हिरव्या चहाचा अर्क अशी नावे होती; पण कोण किती, हे नव्हते. साऱ्यांचे मिळून एकच वजन दिले होते. डॉक्टर म्हणाल्या, "यात कॅफिन किती हे जर मलाच कळत नाही, तर तुला कसं कळणार?" गोळ्या थांबल्या, आठवड्याभरात झोप परत आली. वजनाचे म्हणाल, तर ते होते तेथेच होते.

आता खरोखर जाळणाऱ्यांकडे वळू. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील दारूगोळ्याच्या कारखान्यांत डायनायट्रोफिनॉल नावाचे पिवळे रसायन हाताळणारे कामगार घामाघूम होत, वाळत आणि काही तापाने मरत. १९३३ साली अमेरिकेत स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी याच रसायनाने वजन उतरते असे जाहीर केले, आणि थोड्याच काळात लाखभर लोकांनी ते घेतले. वजन खरोखरच उतरे. चुलीत लाकडे ढणाढणा जळावीत, पण तव्यावर भाकरी मात्र भाजली जाऊ नये, नुसते घर तापावे, तसे हे रसायन पेशीत करते; अन्नाची ऊर्जा कामी न येता तिची उष्णता होते. प्रमाण थोडे चुकले की अंगातील उष्णता आवरत नाही, आणि यावर उतारा नाही. कोणाला मोतीबिंदू झाले, कोणी आतल्या आत भाजून मेले. १९३८ च्या अमेरिकन कायद्यानंतर ते माणसास अयोग्य ठरले. पण गोष्ट तेथे संपत नाही. २०१५ साली ब्रिटनमध्ये एक विद्यार्थिनी इंटरनेटवरून मागवलेल्या याच गोळ्या खाऊन मरण पावली. आपल्याच वयाची, आपल्यासारखीच. विक्रेत्याला पुढे तुरुंगवास झाला आणि २०२३ मध्ये तेथील सरकारने या रसायनाची कायद्याने विषांत गणना केली. नव्वदहून अधिक वर्षांपूर्वीचा धडा प्रत्येक पिढीने नव्याने का गिरवावा?

एफेड्रा ही दुसरी वनस्पती. आपल्याकडे तिला सोमलता म्हणतात, आणि पारशी बांधवांच्या धर्मविधीत तिच्या काड्यांना मान आहे. म्हणजे 'नैसर्गिक' आणि 'प्राचीन' ही दोन्ही प्रशस्तिपत्रके तिच्यापाशी आहेत. तिच्यातील एफेड्रिन भूक मारते आणि हृदयाला पळवते. २००३ च्या फेब्रुवारीत स्टीव्ह बेक्लर हा तेवीस वर्षांचा अमेरिकन बेसबॉल खेळाडू सराव करताना उष्माघाताने कोसळला व मरण पावला. तो एफेड्राच्या गोळ्या घेत होता. २००४ मध्ये अमेरिकेने या गोळ्यांवर बंदी घातली. त्यानंतर अनेक डब्यांत तिची जागा कडू संत्र्याने घेतली. त्यातील सिनेफ्रिन हे एफेड्रिनचेच रासायनिक नातेवाईक.

तिसरे सिब्युट्रामिन. हे तर रीतसर औषध होते. सुमारे दहा हजार वयस्क रुग्णांवर अनेक वर्षे पाहणी झाली, तेव्हा हृदयविकार, पक्षाघात यांसारख्या आपत्ती ते घेणाऱ्यांत ११.४ टक्के आणि न घेणाऱ्यांत १० टक्के आढळल्या. २०१० मध्ये युरोप-अमेरिकेच्या बाजारातून ते गेले, २०११ च्या फेब्रुवारीत भारतानेही त्यावर बंदी घातली. मग ते गेले कोठे? ते 'नैसर्गिक' डब्यांत गेले! २००७ ते २०१६ या काळात अमेरिकेच्या औषध प्रशासनाला ७७६ पूरक पदार्थांत लपवलेली औषधे सापडली. त्यांतील सुमारे ४१ टक्के वजन घटवणारे होते, आणि त्यांपैकी बहुसंख्य डब्यांत सिब्युट्रामिन होते. वनस्पतींची चित्रे बाहेर, बंदी घातलेले औषध आत. म्हणून एखादी 'केवळ वनौषधींची' गोळी फारच झटपट गुण देऊ लागली, तर आनंद मानण्यापूर्वी शंका घ्यावी, असे मला वाटते.

आपल्याकडे कायदा नाही असे नव्हे. १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्यात, ज्या विकारांवर औषधाची जाहिरात करणे गुन्हा आहे, त्यांच्या यादीत स्थूलता आहे. पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कैद सांगितली आहे. पण डबी स्वतःला औषध म्हणवतच नाही. ती अन्न म्हणून परवाना घेते, नियमाप्रमाणे 'औषधी वापरासाठी नाही' असे मागे छापते, आणि पुढे मात्र सडपातळ कमरेचे चित्र काढते. पुढची बाजू औषधाची, मागची बाजू अन्नाची. विकताना एक आणि जबाबदारी घेताना दुसरी. असा दुहेरी अर्थ आम्ही काव्यात श्लेष म्हणून शिकलो. व्यवहारात त्याला दुसरे नाव आहे.

यावर एक प्रामाणिक आक्षेप येईल. ज्यांचे वजन खरोखर रोग म्हणावा इतके आहे त्यांनी काय करायचे? त्यांनी डॉक्टरांकडे जावे, आणि लाज न बाळगता जावे. थायरॉइडचा किंवा पाळीचा विकार असेल तर तो आधी ओळखला पाहिजे. खाल्लेल्या चरबीपैकी सुमारे तीस टक्के न पचू देणारे ऑरलिस्टॅट आहे; भूक कमी करणारी सेमाग्लुटाइड, टिर्झेपटाइड यांची इंजेक्शने आता भारतातही मिळतात. पण ती औषधे आहेत; त्यांचे दुष्परिणाम माहीत आहेत, मात्रा मोजलेली आहे, आणि त्यांच्यावर चिठ्ठी लिहिणाऱ्याची सही असते. डबीवर कोणाची सही असते?

आणि खरे सांगायचे तर, वसतिगृहातील ज्या मुलींच्या कपाटांत मी या डब्या पाहिल्या त्यांतील बहुतेकींना कोणताही डॉक्टर स्थूल म्हणणार नाही. त्यांना स्थूल म्हटले ते बघायला आलेल्या मंडळींनी, नात्यातील काकूंनी, वर्गातील विनोदी मुलांनी. मुलांची गत निराळी नाही. त्यांच्या पोटावर सहा घड्या दिसल्या पाहिजेत, हे कोणत्याही वैद्याने सांगितलेले नाही. दुसऱ्याच्या जिभेने केलेली जखम आपण आपल्या यकृतावर आणि हृदयावर का भरून काढावी? घरचे लोक ज्या मुलीला "थोडी बारीक हो" म्हणून सहज सांगतात, तीच मुलगी घरून आलेले पैसे डबीत घालते, हे त्या घरांपर्यंत कोणीतरी पोचवले पाहिजे. या वार्षिकाची एक प्रत प्रत्येक घरी जाते, म्हणून मी ते येथे लिहिते आहे.

मित्रमैत्रिणींनो, माझी विनंती साधी आहे. जिच्यावर प्रत्येक घटकाचे स्वतंत्र प्रमाण छापलेले नाही अशी कोणतीही डबी विकत घेऊ नका. आणि घेतली असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका. जिमखाना समितीने पुढील सत्राच्या आरंभी एक तास द्यावा. शास्त्र शाखेचे कोणी प्राध्यापक आणि गावातील एखादे डॉक्टर यांना बोलवावे, आणि ज्याच्याजवळ जी डबी असेल ती त्याने नाव न सांगता टेबलावर आणून ठेवावी. मग आपण सगळे मिळून तिची मागची बाजू मोठ्याने वाचू. वाचून दाखवण्याचे काम कला शाखेकडे द्यावे, एवढा हट्ट मी जरूर धरीन.